पोरगी पळते, पण पोहोचते कुठे?

पहाटेचे पाच वाजले असतील. सडा टाकायला म्हणून दार उघडलं, तर रस्त्यावरून धपधप पावलांचा आवाज आला. पाच-सहा पोरी पळत होत्या. कुणी ओढणी कमरेला गुंडाळलेली, कुणी भावाचा टी-शर्ट घातलेला, कुणाच्या पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट, तर एकीच्या पायात काहीच नाही. मागून एकीचे वडील सायकलवर. एका हातात बॅटरी, कॅरियरला काठी.

"काहून जी भाऊ, तुम्ही पण भरतीची तयारी करता का?" मी गमतीनं विचारलं.

"नाही जी ताई, वाघाचं भेव हाय ना!" ते म्हणाले आणि पोरींच्या मागं निघून गेले.

मैत्रिणींनो, आमच्या सिंदेवाहीत ही थट्टेची गोष्ट नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, धानाच्या बांदीवर गेलेलं माणूस वाघाच्या तावडीत सापडल्याची बातमी इकडे दर थोड्या दिवसांनी येते. मोठ्या शहरातल्या मुलीला पहाटे धावायला जाताना गाड्यांची काळजी असेल, आमच्या पोरींना वाघाची आहे. तरीही त्या पळतात. कशासाठी? बहुतेकींचं उत्तर एकच, भरती. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, वनरक्षकाच्या भरतीत ३ किलोमीटर. आमच्या जंगलपट्ट्यात पळणं म्हणजे खेळ नव्हे, ती नोकरीची खिडकी आहे.

पण त्या पोरींमध्ये एक निराळी होती. ती अनवाणी पळणारी. तिचं नाव इथं लिहीत नाही, नववीतली पोर आहे. भरतीचं तिला अजून काही माहीत नाही. तिला नुसतं पळायला आवडतं. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत १५०० मीटरला ती अनवाणीच पहिली आली. दुसरी मुलगी तिच्या मागं इतकी लांब होती, की शिट्टी वाजवणाऱ्या सरांना वाटलं, हिची एक फेरी चुकली असावी!

आणि मग जिल्ह्याची स्पर्धा आली. आली ती नेमकी हलक्या धानाच्या कापणीत. तिची आई आमच्या बचत गटात आहे. हप्ता भरायला आली, पैसे मोजून दिले आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "ताई, दोन दिवस पोरगी चंद्रपूरले गेली, त माह्या संगं कापाले कोण येते? मजुरी बुडते. आन् पळून पोट भरते का जी?"

मी लगेच उत्तर दिलं. आपण समाजकार्य करणाऱ्या बायका, उत्तरं आपल्याजवळ तयारच असतात! कविता राऊतचं नाव घेतलं, ललिता बाबरचं घेतलं. ती माउली शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्या झाल्या मोठ्या. बाकीच्याइचं काय झालं?"

रात्री भांडी घासताना तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. खरंच, बाकीच्यांचं काय होतं?

मोठ्या नावांच्या मागे

आधी त्या मोठ्या नावांकडेच नीट पाहू. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची. पळायला बूट नसले तरी चालतं, म्हणून ती पळायला लागली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिनं कांस्यपदक आणलं आणि त्याच वर्षी चीनमधल्या आशियाई स्पर्धेत रौप्य. वर्तमानपत्रांनी तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' केलं. पण या एक्सप्रेसला रुळावर आणणारा एक माणूस होता, नाशिकचे प्रशिक्षक विजेंदर सिंग. त्यांनी हेरलं नसतं, नाशिकला राहून सराव करण्याची सोय झाली नसती, तर ती पोर पाड्यावरून पाणी आणतानाच पळत राहिली असती.

ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची. कायमचा दुष्काळी भाग. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३ हजार मीटर स्टीपलचेसची ती अंतिम फेरी धावली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतरची ती पहिली भारतीय बाई, म्हणजे मध्ये ३२ वर्षं गेली! मध्यंतरी तिला रेल्वेची नोकरी मिळाली होती, हे विसरू नका. पोटाची चिंता मिटली तेव्हा पायांनी वेग धरला.

आणि कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसळे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक त्यानं जिंकलं, तेव्हा आपल्याही घरात टीव्हीसमोर टाळ्या वाजल्या असतील. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता. लहान वयातच मुलांच्या चाचण्या घ्यायच्या, निवडलेल्यांना निवासी ठेवून शिक्षण, जेवण, प्रशिक्षण द्यायचं, अशी ही योजना. म्हणजे प्रबोधिनीपासून पदकापर्यंत १५ वर्षं लागली. पंधरा वर्षं! आपण शेवटची पाच मिनिटं टीव्हीवर पाहतो.

त्याच्या आधी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक कधी मिळालं होतं? १९५२ साली, हेलसिंकीला, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांना. त्यांच्या प्रवासखर्चासाठी गावानं वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले होते. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तोही मरणानंतर.

या सगळ्यांच्या गोष्टी एकापाठोपाठ ठेवल्या, की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येकाच्या आयुष्यात योग्य वेळी कुणीतरी उभं राहिलं. कुणाला प्रशिक्षक भेटला, कुणाला प्राचार्य, कुणाला एखादी योजना. ज्यांना कुणी भेटलं नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. 'बाकीच्याइचं काय झालं?' याचं उत्तर हेच आहे.

आपल्याच जिल्ह्यातली पाच लेकरं

लांब कशाला जायचं? आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. २०१८ च्या मे महिन्यात आश्रमशाळेतल्या पाच आदिवासी मुलांनी एव्हरेस्ट सर केलं. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम. त्यात मनीषा ही आपली लेक. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनानं राबवलेल्या या मोहिमेचं नाव होतं 'मिशन शौर्य'. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या मुलांची नावं घेतली होती, आठवतं?

आपण तेव्हा म्हटलं, "बघा, जंगलातली मुलं किती काटक असतात!" खरं आहे, काटक असतात. पण काटक तर ती आधीही होती. त्यांचे आई-बाप, आजी-आजोबाही काटकच होते. मग ते का नाही चढले? कारण त्यांना कुणी तिथवर नेलंच नाही! या मुलांचं प्रशिक्षण ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झालं. वर्धा, हैदराबादकडचा भाग, दार्जिलिंग, लडाख असं टप्प्याटप्प्यानं त्यांना शिकवलं. थंडीची सवय केली, दोर धरायला शिकवलं, अंगावर चांगले कपडे, पोटात चांगलं अन्न. खर्च सरकारनं केला. नऊ-दहा महिन्यांत, ज्यांनी कधी बर्फ पाहिला नव्हता ती लेकरं जगाच्या माथ्यावर उभी राहिली.

हा प्रयोगही आभाळातून पडला नव्हता. शेजारच्या तेलंगणातली मालावत पूर्णा ही गरीब घरची आदिवासी मुलगी २५ मे २०१४ ला एव्हरेस्टवर पोहोचली होती. वय अवघं १३ वर्षं ११ महिने! तीही सरकारी निवासी शाळेतली. म्हणजे सरकारी शाळेतलं, गरिबाघरचं मूल हे करू शकतं, हे तिनं आधीच दाखवून दिलं होतं.

चंद्रपूरच्या तुकडीतली सगळीच मुलं शिखरापर्यंत पोहोचली नाहीत. काहींना खालूनच परतावं लागलं. सत्कार झाले ते पोहोचलेल्यांचे. परतलेल्यांनीही तीच थंडी सोसली होती, तितकंच घर सोडून राहिली होती. एखाद्या मुलाला 'तू जिंकला नाहीस' म्हणून आपण लगेच विसरतो, तेव्हा त्याच्या मनाचं काय होत असेल? खेळात जिंकणारा एक आणि हरणारे अनेक. मग त्या अनेकांसाठी आपण काय ठेवतो?

वाट कुठे तुटते?

गेली काही वर्षं बचत गटाच्या निमित्तानं मी टोल्या-टोल्यावर फिरते. पळणाऱ्या, कबड्डी-खो-खो खेळणाऱ्या पोरी दिसतात. दोन वर्षांनी पुन्हा गेलं, की त्यातल्या अर्ध्या दिसत नाहीत. विचारलं, की उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं कारण ताटात आहे. सकाळी काळा चहा, दुपारी शाळेतली खिचडी, रात्री भात आणि पातळ वरण. एवढ्यावर पोरगी दहा किलोमीटर पळते आणि वरून घरचं पाणी भरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळलं होतं. त्यात आपल्या भागात सिकलसेलचा आजार. दम लागतो, पाय दुखतात, तर घरचे म्हणतात, "आळशी झाली." आणि सर म्हणतात, "मन लावून पळत नाही." अहो, रक्तच नाही तर मन काय करेल?

दुसरं कारण आपण बायकाही मोठ्यानं बोलत नाही. पाळी आली, की मैदान सुटतं. मैदानाजवळ संडास नाही, पॅड बदलायला आडोसा नाही, हाफ पँट घालायची लाज. मी स्वतः नववीपर्यंत शाळेच्या खो-खो संघात होते. पोल मारण्यात माझा हात कुणी धरत नसे! पुढं आईनं एक दिवस सांगितलं, "आता पुरे झालं उड्या मारणं." सर घरी समजवायला आले नाहीत, मीही भांडले नाही. ते एक प्रमाणपत्र लग्नात माझ्याबरोबर पेटीतून आलं, अजून आहे. पोरांना दाखवलं, तर हसले. "आई, तू? खो-खो?"

तिसरं, पैसा. स्पर्धेला जायचं तर गाडीभाडं, डबा, बूट. सिंदेवाहीहून चंद्रपूर सुमारे सत्तर किलोमीटर. पोरीबरोबर मोठं माणूस गेलं, तर दोघांचं भाडं आणि दोघांची मजुरी बुडते. ज्या घरात हातावर पोट, तिथं हा हिशोब कुणालाही चुकवता येत नाही. ती आई पोरीची वैरी नसते, तिला फक्त हिशोब येतो.

चौथं, माहिती. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशा शालेय स्पर्धांच्या पायऱ्या आहेत. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट आहेत. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, पण त्यासाठी शाळेमार्फत वेळेत अर्ज जावा लागतो. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत, पण तालुक्याच्या प्रमाणपत्रावर त्या मिळत नाहीत. वरच्या पातळीची, मान्यताप्राप्त स्पर्धा लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. हे किती आयांना ठाऊक आहे? मला एक मुलगी भेटली, तिनं पैसे भरून कुठल्याशा संघटनेच्या 'राष्ट्रीय' स्पर्धेत पदक आणलं होतं. नोकरीचा फॉर्म भरताना कळलं, त्या कागदाला काहीच किंमत नाही. बापानं त्या स्पर्धेसाठी बकरी विकली होती!

आणि पाचवं, सुरक्षितता. २०२३ साली देशासाठी पदकं आणणाऱ्या महिला पैलवान दिल्लीत जंतरमंतरवर रस्त्यावर बसल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर कितीतरी आयांच्या मनात भीती बसली. ती खोटी म्हणता येणार नाही. पण भीतीपोटी पोरीचं मैदान बंद करायचं, की मैदानावर आपण जाऊन बसायचं? मला दुसरं पटतं. पोरीला स्पष्ट सांगावं, कुणी नको तसा हात लावला, नको ते बोललं, तर घरी येऊन बिनधास्त सांग, आम्ही तुलाच रागावणार नाही. लहान मुलांसाठी १०९८ हा मोफत फोन आहे, तो नंबर तिला पाठ असू द्या. स्पर्धेला बाहेरगावी जाताना संघाबरोबर एक बाई हवीच, हा आग्रह शाळेकडे धरायला लाजू नका.

मोठी मैदानं आपल्याकडं झाली नाहीत असं नाही. बल्लारपूरजवळ विसापूरला मोठं क्रीडा संकुल उभं राहिलं, २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथं शालेय राष्ट्रीय मैदानी स्पर्धाही भरल्या. आनंदच आहे. पण टोल्यावरच्या पोरीला त्या संकुलापर्यंत पोहोचवणारी वाट तिच्या आईच्या चुलीपासून सुरू होते. ती वाट कोण बांधणार?

मग ती पोरगी गेली का?

गेली! बचत गटाच्या बैठकीत मी विषय काढला. हप्ते, व्याज, कर्ज सगळं झाल्यावर म्हटलं, "बायांनो, दोन दिवस हिच्या बांदीवर कापणीला कोण जाते?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "मी जातो. मले पळता येत नाही, पण कापता येते." तिच्यामागं आणखी तिघी उठल्या. आमच्याकडे कामाच्या दिवसांत एकमेकींच्या शेतात जायची रीत आहेच, तीच या वेळी पोरीच्या पळण्यासाठी वापरली. बूट मात्र विकत नाही घेतले. एकीच्या मुलानं भरतीसाठी घेतलेले होते, तेच पुढं कापूस कोंबून बसवले.

तिच्याबरोबर मी गेले. सिंथेटिक ट्रॅक तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिला. वाकून हात लावून पाहिला आणि मला हळूच विचारलं, "काकू, हे रबराचं हाय का?" शर्यत सुरू झाली. गावच्या सवयीप्रमाणे पोरगी पहिल्याच फेरीत जीव खाऊन सुटली. १५०० मीटर म्हणजे पावणेचार फेऱ्या, दम राखून पळायचं असतं, हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या फेरीत दम सुटला. पाचवी आली. पुढच्या स्पर्धेसाठी निवड झाली नाही.

परतीच्या प्रवासात ती खिडकीकडं तोंड करून रडत होती. मी काय बोलणार? सिंदेवाही जवळ आल्यावर म्हणाली, "काकू, गटातल्या बाया फुकट कापत बसल्या ना माह्यासाठी?"

मैत्रिणींनो, एखाद्या खेळाडूचं मन कसं असतं ते मला त्या वेळी कळलं. हरण्याचं दुःख तर होतंच. त्याहून मोठं दुःख 'माझ्यासाठी कुणाचं काही बुडालं' याचं होतं. गरिबाघरची पोर पळते, तेव्हा तिच्या पाठीवर अख्ख्या घराची मजुरी असते. त्या ओझ्यासकट ती शर्यतीला उभी राहते. तिच्या शेजारच्या रेषेवरच्या मुलीच्या पाठीवर ते नसतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हातारी तिच्या घरी गेली. म्हणाली, "पाचवी आली? अख्ख्या जिल्ह्यातून? मी त गावाबाहेर नाही पळालो कधी!" पोर हसली.

त्यानंतर आम्ही एक केलं. तिला ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९ च्या खाली! सिकलसेलची तपासणीही करून घेतली, ती सुदैवानं निघाली नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या सुरू झाल्या. घरात महाग काही आणलं नाही. रात्री भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ, शेवग्याचा पाला, बोडीतले मासे, जमेल तेव्हा अंडं. आई म्हणते, "आता पोरगी लवकर दमत नाही जी."

यंदा ती पुन्हा पळते आहे. पुढं कुठवर जाईल, मी छातीठोकपणे सांगणार नाही. सगळ्याच पोरी कविता राऊत होत नाहीत. पण या वर्षी पहिल्या फेरीत ती दम राखून पळते, एवढं खरं.

आपण काय करू शकतो?

आपल्या हातात ना अर्थसंकल्प आहे, ना स्टेडियम. पण काही गोष्टी आहेत. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी पोरगी खरंच खाते का, की खिडकीतून फेकते, ते विचारा. मासिक पाळीत मैदान बंद करू नका, त्रास होत नसेल तर हलका सराव चालतो. सिकलसेल असलेल्या मुलीनं डॉक्टरांना विचारूनच पळावं, पाणी भरपूर प्यावं. शाळेत जाऊन सरांना विचारा, यंदा तालुक्याच्या स्पर्धा कधी, माझ्या मुलीचं नाव दिलं का? पैसे भरायच्या कुठल्याही स्पर्धेला जाण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एक फोन करा. ग्रामसभेत रस्ता-नालीबरोबर पोरींच्या मैदानाचं, तिथल्या संडासाचं नाव काढा. आणि तिचं प्रत्येक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. जन्मतारखेच्या दाखल्यावर नाव आणि तारीख बरोबर आहे ना, हेही आजच पाहून घ्या.

आणि ती हरून आली, तर तिला गरम जेवायला वाढा. बाकी सगळं दुसऱ्या दिवशी बोला.

परवा बचत गटाची बैठक होती. तिची आई हप्ता भरायला आली, तेव्हा मीच विचारलं, "काय वो, पळून पोट भरते का?"

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "पोटाचं माहीत नाही जी ताई. पण पोरगी आता मान वर करून चालते."

उद्या पहाटे तुमच्या दारावरून पावलांचा आवाज आला, तर दार उघडून पाहा. निदान बॅटरी घेऊन चार पावलं बरोबर जा!